पानाच्या तबकातली पाहुणी

दिवाळीचे चार दिवस आले म्हणजे घराघरांतून माणसांची वर्दळ सुरू होते. फराळाच्या बशा उचलल्या जातात, चिवड्याच्या तिखटावर कोणी घोटभर पाणी पितो, आणि मग बैठकीतून आत साद जाते, 'अहो, पान पाठवा!' तबक बाहेर येते. विड्याची हिरवी पाने, कातरलेली सुपारी, कात, चुना, लवंगा, वेलदोडे असा सगळा परिवार त्यात ऐसपैस बसलेला असतो. आणि पुष्कळ घरांत त्याच्या एका कडेला, अंग चोरून बसल्यासारखी, एक लहानशी डबी असते. ती तंबाखूची.

या तबकातल्या मंडळींची कुळे फार जुनी आहेत. विडा आपल्या भाषेतसुद्धा किती खोल रुजला आहे पाहा! अवघड कामाचा विडा उचलावा लागतो. लग्न जमले की सुपारी फुटते. पूजेत मूर्ती नसली तरी अडत नाही, सुपारीचाच गणपती मांडता येतो. सत्काराला 'पानसुपारीचा समारंभ' म्हणण्याची रीत आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी कालपरवापर्यंत होती. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यात त्यानेही या पानाची मोठ्या कुतूहलाने दखल घेतली आहे.

तंबाखूला मात्र या मानपानात कुठे जागा नाही. देवापुढे विडा ठेवतात, त्यात तंबाखू नसते. सवाष्णीच्या ओटीत पान-सुपारी पडते, तंबाखू पडत नाही. ज्या वस्तूवाचून आमच्या कित्येक बापयांना सकाळी उठवत नाही आणि कित्येक आयाबायांना चुलीपाशी बसवत नाही, तिला आमच्या देवघरात मज्जाव आहे! असे का व्हावे? कारण सोपे आहे. देवघर मांडून झाले तेव्हा ही बाई आपल्या मुलखात आलेलीच नव्हती. ती पाहुणी आहे. आणि तीही फार उशिरा आलेली.

तिचे माहेर अमेरिका. कोलंबसाच्या सफरीनंतर युरोपच्या दर्यावर्दी लोकांनी तिला जगभर फिरवले. फ्रान्सचा पोर्तुगालमधला वकील झाँ निको याने १५६० च्या सुमारास ती आपल्या राजदरबारी पाठवली. त्याच्याच नावावरून तिच्यातल्या विषाला पुढे 'निकोटिन' हे नाव पडले. पोर्तुगीजांबरोबर ती आपल्या किनाऱ्यावर उतरली आणि घाट चढून दख्खनमध्ये आली.

दख्खनमध्ये तिचा पाय कुठे लागला याचा एक सुरेख पुरावा आहे, आणि तो आम्हा कोल्हापूरकरांना अगदी जवळचा आहे. अकबर बादशहाचा असद बेग नावाचा वकील विजापूरच्या आदिलशाही दरबारात आला होता. पन्हाळा आणि त्याच्या आसपासचा आपला मुलूख त्या वेळी याच आदिलशाहीत मोडत असे. विजापुरात असद बेगाला तंबाखू दिसली. असली वस्तू आपण हिंदुस्थानात कधी पाहिली नव्हती, असे त्याने लिहून ठेवले आहे. १६०४ च्या सुमारास परत जाताना त्याने थोडी तंबाखू आणि एक रत्नजडित हुक्का बरोबर घेतला आणि तो बादशहापुढे ठेवला.

दरबारातला पुढचा प्रसंग मोठा मजेचा आहे. बादशहाने कुतूहलाने दोन झुरके घेतले. हकिमाने लगेच हरकत घेतली. आमच्या ग्रंथांत या वस्तूचा उल्लेख नाही. जिची परीक्षा झालेली नाही अशी वस्तू बादशहांनी कशी घ्यावी, असा त्याचा मुद्दा होता. असद बेगाने उलट सांगितले की, जगातली प्रत्येक चाल पहिल्यांदा नवीच असते. वादात असद बेगाची सरशी झाली आणि अमीर-उमरावांत तंबाखूची मागणी वाढली. बादशहाला स्वतःला मात्र तिची सवय लागली नाही. आज चारशे वर्षांनंतर या वादाचा निकाल द्यायचा झाला तर तो हकिमाच्या बाजूने द्यावा लागेल. पण त्या दिवशी त्याचे कोणी ऐकले नाही.

नंतर ऐकणारे निघाले, पण उशीर झाला होता. इंग्लंडच्या पहिल्या जेम्स राजाने त्याच १६०४ साली तंबाखूविरुद्ध एक पुस्तिकाच लिहिली. अकबराचा मुलगा जहांगीर याने १६१७ साली तंबाखूवर बंदी घातली. राजाची पुस्तिका लोकांनी वाचली असेल, बादशहाचे फर्मान ऐकले असेल; सोडली मात्र नाही. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, अशी आपल्याकडे म्हण आहे. या पाहुणीने तर ओसरीवरून थेट माजघर गाठले.

उत्तरेत ती हुक्क्यातून धूर होऊन राहिली. आपल्याकडे विडीचिलमीतून धूर झालाच, पण तिचे खरे बस्तान बसले ते गालात. याला कारण आपले तबक. पान, सुपारी आणि चुना ही सामग्री घरोघर होतीच. तंबाखूला तीत फक्त शिरायचे होते. आणि शिरल्यावर तिला चुन्यासारखा सोबती मिळाला. चुना हा तिखटपणापुरता नाही. तो क्षारधर्मी असल्यामुळे तंबाखूतले निकोटिन मोकळे होते आणि तोंडाच्या आतल्या नाजूक त्वचेतून सरळ रक्तात उतरते. तळहातावर चिमूटभर तंबाखू, तिला नखावरचा चुना, अंगठ्याने मळणे, दोन टाळ्या मारून धूळ उडवणे आणि खालच्या ओठात बार भरणे, हा जो विधी आपण नाक्यानाक्यावर पाहतो, त्यात एक पुरते रसायनशास्त्र आहे. ते शास्त्र कोणी शिकवले नाही; अनुभवाने लोकांच्या हातांत उतरले.

या चिमटीने समाजात जे काम केले तेही नाकारता येत नाही. चंची सोडली की ओळख नसलेला माणूस ओळखीचा होतो. एस.टी.च्या थांब्यावर, बाजारच्या दिवशी झाडाखाली, ऊसतोडीच्या फडात, 'जरा चुना द्या पाव्हणं' एवढ्या एका वाक्यावर संसाराच्या गोष्टी निघतात. देणाऱ्याला मोठेपणा वाटत नाही आणि घेणाऱ्याला कमीपणा वाटत नाही. अशा दिलदार देवघेवीवर आपले गाव उभे आहे आणि तिला नाव ठेवण्याचे कारण नाही. पण त्या चिमटीचे दुसरेही एक काम आहे, ते कमी बोलले जाते. निकोटिनने भूक मरते आणि थकवा क्षणभर दूर होतो. भाकरीला उशीर असेल तेव्हा, किंवा भाकरीच नसेल तेव्हा, बार भरून माणूस आणखी दोन तास राबतो. ज्याला आपण शौक म्हणतो तो गरिबाच्या घरी कितीदा उपासाचा झाकणकपडा असतो, हे विसरू नये.

आता या मुलखाच्या मातीकडे वळू. कोल्हापूर म्हटले की गूळ आठवतो. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसवली ती या व्यापाराला आधार झाली. पण कोल्हापूरहून दक्षिणेला सुमारे चाळीस किलोमीटरवर निपाणी आहे, आणि तिथे गुळाचा गोडवा संपून तंबाखूचा उग्र वास सुरू होतो. हे मराठीभाषक गाव १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव जिल्ह्याबरोबर तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. पण निपाणीचा बाजार आणि कोल्हापूरची माणसे यांची ये-जा काही तुटली नाही. इथली तंबाखू मुख्यतः विडीची. पावसावर येणारे हे पीक कोरडवाहू शेतकऱ्याला रोकड देते. ज्वारी घरात राहते, तंबाखूचे पैसे होतात. मुलीचे लग्न, सावकाराची फेड, नवे छप्पर ही सारी गणिते या पानावर बेतलेली असत.

ही गणिते पुष्कळदा चुकत, कारण भाव ठरवणारा हात शेतकऱ्याचा नव्हता. १९८१ च्या मार्चमध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली निपाणीत तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांचे मोठे आंदोलन झाले. हजारो माणसे महामार्गावर ठाण मांडून बसली. ६ एप्रिल १९८१ रोजी पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात बारा शेतकरी मृत्यू पावले. तंबाखूच्या इतिहासात रोगाने मेलेल्यांची गणती होते, ती व्हावीच. पण तिच्या रास्त भावासाठी गोळी खाल्लेल्या या बारा जणांनाही त्या इतिहासात जागा दिली पाहिजे.

शेतातून पान वखारीत येते आणि तिथे ते बायकांच्या हाती पडते. चाळणे, निवडणे, कुटणे, पोती भरणे. दिवसभर नाकातोंडात तीच धूळ. निपाणीच्या या कामगार स्त्रियांनी १९८० च्या आसपास संघटना बांधली आणि मजुरीसाठी व माणुसकीच्या वागणुकीसाठी लढा दिला. त्यांच्यावर 'तंबाखू चाकीला ऊब आली' नावाचा माहितीपट १९८२ साली निघाला. तेव्हा तंबाखू वाईट आहे एवढे म्हणून हात झटकणाऱ्याने, ती पिकवणाऱ्याच्या आणि चाळणारणीच्या पोटाचे काय, या प्रश्नाला आधी उत्तर द्यावे. ते उत्तर सोपे नाही.

बायकांचा विषय निघालाच आहे तर मिश्रीबद्दल बोलले पाहिजे. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि बोटाने दातांना लावायची. पुरुष चव्हाट्यावर बार भरतो, बाई चुलीमागे मिश्री लावते. दात दुखला म्हणून सासूने सुनेला दिली, पोटात कळ आली म्हणून शेजारणीने दिली, आणि औषध म्हणून आलेली वस्तू सवय होऊन राहिली, अशी ही कथा घरोघरची. तिला कोणी व्यसन म्हणतच नाही. ते 'दात घासणे' असते! मुंबईत १२१७ गरोदर स्त्रियांची पाहणी करून २००४ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध झाले ते या भाबडेपणाला धक्का देणारे आहेत. बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्या, म्हणजे बहुतेक मिश्रीच लावणाऱ्या, मातांची बाळे जन्मतः सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली. आईने दातांना लावलेली चिमूट न जन्मलेल्या बाळाच्या वजनातून वजा होत होती.

तोंडाच्या रोगाची कहाणी याहून जुनी आहे. मुंबईच्या परळला २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. तिथे डॉ. वसंत रामजी खानोलकर हे विकृतिशास्त्राचे प्रमुख होते. आपल्याकडे तोंडाचा कर्करोग एवढा का, हा प्रश्न त्यांनी धसास लावला. १९४४ साली त्यांनी मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या ओळीने एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. पुढे १९५५ साली डॉ. संघवी आणि डॉ. राव यांच्यासह त्यांनी तंबाखू खाणारे आणि ओढणारे यांची तुलना मांडली. खाणाऱ्यांत रोग मुख्यतः तोंडाच्या पोकळीत दिसतो, ओढणाऱ्यांत घशाच्या बाजूला, हे तीतून पुढे आले. रोगाने जणू बोट दाखवून सांगितले की, जिथे तुम्ही मला ठेवता तिथेच मी उगवतो. १९७२ साली तर महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ खेडुतांची तोंडे तपासून झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला. दारोदार जाऊन लाखभर माणसांना 'आ करा' म्हणणाऱ्या त्या डॉक्टरांच्या चिकाटीला नमस्कार केला पाहिजे!

इथे तबकातल्या जुन्या मंडळींबद्दलही एक अप्रिय गोष्ट सांगणे भाग आहे. पूर्व आफ्रिकेत राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांची तोंडे उघडेनाशी झाल्याची नोंद १९५२ साली झाली. पुढे अशा रुग्णांची संख्या वाढत गेली आणि दोष सुपारीकडे आला. तिच्यामुळे गालाची आतली त्वचा ताठ आणि चिवट होते, तोंड दोन बोटेही उघडत नाही आणि तिखटाचा कण लागला तरी आग होते. फ्रान्समधल्या लियों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संस्थेने तंबाखूच्या विड्याला १९८५ मध्ये दोषी ठरवले होते. २००४ मध्ये तिने तंबाखूवाचून नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक म्हटले. म्हणजे पाहुणी वाईट खरी, पण घरातले मानाचे माणूसही निर्दोष नव्हते. पूजेच्या सुपारीला काही बाध येत नाही. ती देवापुढेच राहिलेली बरी.

पाने चघळण्याचा हा छंद आपल्याच वाट्याला आला आहे असे मात्र नाही. मराठी माणसाला एडन ठाऊक आहे ते वासुदेव बळवंत फडके यांच्यामुळे. त्या बंदरातल्या तुरुंगातच १७ फेब्रुवारी १८८३ रोजी त्यांचा अंत झाला. १८३९ पासून १९३२ पर्यंत या एडनचा कारभार मुंबई सरकारकडे होता. त्या येमेनच्या मुलखात 'खात' नावाच्या झुडपाची कोवळी पाने चघळतात. दुपारचे जेवण आटोपले की मित्रमंडळी बैठकीत जमतात, पानांचा गोळा गालात साठवतात आणि संध्याकाळपर्यंत गप्पा रंगतात. व्यवहार ठरतात, भांडणे मिटतात, लग्ने जुळतात. पान शिळे झाले की त्यातले उत्तेजक द्रव्य निकामी होते, म्हणून ते रोज ताजे लागते. त्याने झोप आणि भूक उडते, बोलण्याला भरते येते आणि मग उदास ओसरती लागते. घरच्या मिळकतीचा मोठा वाटा त्यात जातो. शेतकरी कॉफीची झाडे काढून खात लावतो, कारण पैसा त्यात आहे. आणि आधीच दुर्मिळ असलेले पाणी ते झुडूप पिऊन टाकते. नावे बदलली तर ही गोष्ट निपाणीच्या शेतकऱ्याला आणि आपल्या चंचीवाल्याला अनोळखी वाटणार नाही.

एडनच्या इंग्रज सरकारने १९५७ साली खातवर बंदी घातली. लोक वसाहतीच्या हद्दीबाहेर जाऊन पाने चघळू लागले आणि १९५८ साली बंदी उठवावी लागली.

आपल्याकडचा अनुभव याच जातीचा आहे. तंबाखू, सुपारी आणि मसाला यांचे तयार मिश्रण लहानशा पुडीत भरून विकायला लागले, तेव्हा तिने तबकाचा सारा संकोच टाकला. तबकाला निदान वडीलधाऱ्यांचा धाक होता. ही गुटख्याची पुडी शाळकरी पोराच्या खिशात गेली. महाराष्ट्र सरकारने २००२ साली तिच्यावर बंदी घातली. ती २००४ साली सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. मग अन्नसुरक्षेच्या कायद्याखाली जुलै २०१२ मध्ये पुन्हा बंदी आली. व्यापाराने लगेच वाट शोधली. सुगंधी सुपारी एका पुडीत, तंबाखू दुसऱ्या पुडीत. गिऱ्हाइकाने दोन्ही एकत्र करावे! २०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीत महाराष्ट्रातले सुमारे चौथा हिस्सा प्रौढ बिनधुराची तंबाखू वापरताना आढळले. धूर ओढणारे शंभरात चारही नव्हते. आपले दुखणे धुरात नाही, गालात आहे.

जहांगिराच्या फर्मानापासून आजच्या कायद्यापर्यंत पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. कायदा दुकान बंद करू शकतो, स्वागत बंद करू शकत नाही. आणि ही पाहुणी आपल्या घरात शिरली ती स्वागताच्या दारातून. म्हणून तिला निरोपही त्याच दारातून द्यावा लागेल. कायद्याचे काम आहेच, तंबाखूच्या शेतकऱ्याला दुसरे पीक परवडेल असे करण्याचे काम त्याहून मोठे आहे. पण तिला मान न देण्याचे काम घरचे आहे. लवंग, वेलदोडा, बडीशेप, खोबऱ्याचा कीस यांनी पाहुण्याचे तोंड गोड होते आणि यजमानाचा मानही राहतो. खासबागेच्या मैदानावर कुस्ती पाहायला जाणारे हे शहर आहे. आपल्या पोटात काय जाते याचा हिशेब कसा ठेवावा, हे कोल्हापूरच्या तालमींना कोणी शिकवायला नको. तो हिशेब फक्त गालापर्यंत न्यायचा आहे.

आणि ज्यांची सवय जुनी आहे त्यांचे काय? त्यांना रागावून काही साधत नाही. साठ वर्षे मिश्री लावलेल्या आजीला लाज आणणे हा सुधारणेचा मार्ग नव्हे. तिच्यासाठी एक गोष्ट मात्र कोणालाही करता येते. तोंडाचा हा रोग पोटातल्या रोगासारखा लपून बसत नाही, तो डोळ्यांना दिसतो. गालात वा जिभेखाली पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारे व्रण, पूर्वीइतके न उघडणारे तोंड, ही त्याची चाहूल. केरळात हजारो लोकांची तोंडे नुसत्या डोळ्यांनी वेळोवेळी तपासण्याचा मोठा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले; तंबाखू वा दारूची सवय असलेल्यांत तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले होते. त्यासाठी मोठे यंत्र लागले नाही. उजेड लागला आणि पाहणारा माणूस लागला.

या दिवसांत घरात उजेडाला तोटा नसतो. मुले-नातवंडे गावी आलेली असतात, सगळे एका छपराखाली असतात. अशा वेळी थोरल्या माणसाला खिडकीशी बसवून 'जरा आ करा बघू' म्हणायला कसला संकोच? काही वावगे दिसले तर दिवाळी संपण्याची वाट पाहू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.